मर्व्ह ग्रिफिनचा पैसा नेमका आला कुठून?

प्रश्न असा आहे: एका गायकाचं एक गाणं चाललं, कार्यक्रमांच्या सुपाऱ्या येऊ लागल्या, आता एका चॅनलने अँकरिंगसाठी विचारलंय आणि दोन-चार वर्षांत स्वतःची निर्मिती संस्था काढायचा बेत आहे. कुणीतरी त्याला अमेरिकेच्या मर्व्ह ग्रिफिनचा दाखला दिला. तोही आधी गायक, मग टीव्हीवरचा यजमान आणि शेवटी हॉटेल-कॅसिनोंचा मालक. त्याला हे जमलं कसं, आणि त्यातलं आपल्याकडे काय लागू पडतं?

दाखला चांगला आहे, पण तो बहुतेक वेळा उलट्या टोकाने सांगितला जातो. नाव झालं की धंदा मागोमाग येतो, असा त्याचा अर्थ लावतात. नावाच्या बाबतीत ग्रिफिन कधीच पहिल्या नंबरावर नव्हता. गाण्यात त्याच्यापुढे ढीगभर लोक होते आणि रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात जॉनी कार्सनने त्याला सरळ सरळ हरवलं. तरी माणूस गडगंज झाला, कारण बाकीचे ज्या गोष्टी फुटकळ समजून सोडून देतात त्या त्याने आपल्या नावावर ठेवल्या. मी नॉन-फिक्शन, म्हणजे मालिका सोडून बाकीच्या खेळ-गप्पांच्या कार्यक्रमांची निर्मिती आणि त्यांची कॉन्ट्रॅक्टं यांतच बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा उत्तर त्याच बाजूने देणार. गायकीचं मूल्यमापन माझ्याकडून अपेक्षू नका.

गाण्याचा भाग आधी उरकतो. जन्म १९२५ चा, कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओचा. विशी गाठायच्या आत तो सॅन फ्रान्सिस्कोच्या केएफआरसी रेडिओवर गाऊ लागला. आवाज गोड, त्यामुळे ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कुणीतरी देखणा नायक उभा राहायचा. प्रत्यक्षात गडी चांगलाच गरगरीत होता आणि भेटायला आलेल्या चाहत्यांचे चेहरे पडायचे. त्याने ते मनाला लावून घेतलं आणि काही महिन्यांत पस्तीसेक किलो वजन उतरवलं. रेडिओच्या कमाईतून त्याने पांडा रेकॉर्ड्स नावाचं स्वतःचं लेबलही काढलं. त्यावर १९४६ साली आलेला त्याचा अल्बम हा अमेरिकेत चुंबकीय टेपवर ध्वनिमुद्रित झालेला पहिला अल्बम मानतात. युद्धानंतर जॅक मलिन नावाच्या इंजिनिअरने जर्मनीतून टेपची यंत्रं आणली होती आणि ती तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतच होती. लेबल काही फार मोठं झालं नाही. पण एकविसाव्या वर्षी मायक्रोफोनसमोर उभा राहणारा हा पोरगा मायक्रोफोनच्या मागे कुणाचं काय चालतं याकडेही बघत होता, एवढं त्यातून दिसतं.

मग फ्रेडी मार्टिनच्या वाद्यवृंदात चार वर्षं गायकाची नोकरी, गावोगाव दौरे. १९४९ मध्ये नारळांच्या घोसावरचं एक खट्याळ इंग्रजी गाणं त्याच्या आवाजात आलं आणि लाखो तबकड्या खपल्या. आता त्या तबकडीवरचं श्रेय कसं होतं ते बघा: फ्रेडी मार्टिन आणि त्यांचा वाद्यवृंद, गायन मर्व्ह ग्रिफिन. गाणं लिहिणारा तिसराच, इंग्लंडमधला. म्हणजे तबकडी खपली की रॉयल्टी गीतकार-संगीतकाराकडे आणि प्रकाशकाकडे, नाव मार्टिनचं, तबकडी कंपनीची. त्या काळी वाद्यवृंदातल्या गायकाला ठरलेला पगार मिळायचा आणि तो मिळाला की विषय संपायचा. आपल्याकडे आजही बहुतेक गायकांची कमाई गाण्यातून होत नाही, गाण्यामुळे मिळणाऱ्या सुपाऱ्यांतून होते: गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, लग्नाचे संगीत आणि एकतीस डिसेंबर. घसा बसला की महिना बसला. ग्रिफिनने ही गोष्ट पंचविशीच्या आसपासच ओळखली असावी, कारण त्यानंतर त्याने नुसत्या गळ्यावर भिस्त ठेवली नाही.

सिनेमाचं प्रकरण छोटंच. गायिका-नटी डोरिस डेच्या ओळखीने वॉर्नर ब्रदर्स या चित्रपट कंपनीत चाचणी झाली, दोन-चार चित्रपट झाले, मन रमलं नाही. त्याने स्वतःच पैसे भरून कॉन्ट्रॅक्टमधून सुटका करून घेतली आणि टीव्हीकडे वळला. 

टीव्हीवर त्याला काम मिळालं ते 'प्ले युअर हंच' नावाच्या दिवसाच्या गेम शोचं, १९५८ पासून. गेम शोचा अँकर हे आपल्याकडे अजूनही थोडं दुय्यम काम समजतात. मी म्हणेन, टीव्ही शिकायची त्याहून चांगली शाळा नाही. घड्याळ, स्पर्धक, नियम, जाहिरातीचा ब्रेक आणि अचानक झालेला घोटाळा, सगळं एकाच माणसाला एकाच वेळी सांभाळावं लागतं. एकदा रात्रीच्या 'टुनाइट शो'चा यजमान जॅक पार स्टुडिओतून जवळच्या वाटेने जाताना चुकून थेट या कार्यक्रमाच्या सेटवर आला, कार्यक्रम लाइव्ह चालू असताना. ग्रिफिनने त्याला जाऊ दिलं नाही, तिथेच थांबवून गप्पा मारल्या. १९६२ मध्ये पारने 'टुनाइट शो' सोडला आणि कार्सन जुन्या कॉन्ट्रॅक्टमुळे ऑक्टोबरपर्यंत येऊ शकत नव्हता. त्या मधल्या महिन्यांत ज्या पाहुण्या यजमानांनी गाडी ओढली त्यांत ग्रिफिन उठून दिसला. १ ऑक्टोबर १९६२ ला रात्री कार्सन सुरू झाला आणि त्याच दिवशी एनबीसी या त्याच चॅनलने दुपारी ग्रिफिनचा गप्पांचा कार्यक्रम सुरू केला. कार्सन तीस वर्षं चालला. ग्रिफिनचा कार्यक्रम पुढच्याच वर्षी बंद पडला.

खरी गोष्ट इथून सुरू होते.

१९५० च्या दशकात अमेरिकन क्विझ कार्यक्रमांचं बिंग फुटलं होतं. काही स्पर्धकांना उत्तरं आधीच पुरवली जात होती, हे १९५८ पासून उघड होत गेलं, चौकश्या झाल्या आणि चॅनलवाले क्विझचं नाव काढलं तरी घाबरायचे. ग्रिफिन आणि त्याची बायको ज्युलॅन विमानाने न्यूयॉर्कला परतत होते. क्विझ परत आणता येईल का यावर बोलणं चाललं होतं. ज्युलॅन म्हणाली, मग उत्तरंच देऊन टाकू की सगळ्यांना. तिने त्याला विचारलं, 'उत्तर ५,२८०'. तो म्हणाला, एका मैलात किती फूट असतात? झालं, खेळ तयार. स्पर्धकाला उत्तर दाखवायचं, त्याने प्रश्न ओळखायचा. ३० मार्च १९६४ ला 'जेपर्डी!' एनबीसीवर सुरू झाला. अँकर ग्रिफिन नव्हता, आर्ट फ्लेमिंग नावाचा नट होता. स्वतः अँकर असलेल्या माणसाने स्वतःच्याच खेळात दुसऱ्याला उभं केलं, ही माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सगळ्यात शहाणी चाल. अँकर एका वेळी एकाच सेटवर उभा राहू शकतो, मालकाला ती अडचण नसते.

त्या कार्यक्रमाच्या शेवटच्या फेरीत स्पर्धक आपला प्रश्न लिहीत असताना तीस सेकंद एक धून वाजते. अमेरिकेत ती लहान पोरालाही ठाऊक आहे. मैदानावर पंच निर्णयाला वेळ लावू लागले की लाउडस्पीकरवर तीच लावतात. ही धून ग्रिफिनने आपल्या मुलासाठी, टोनीसाठी, अंगाई म्हणून केली होती. स्पर्धकांच्या विचाराच्या वेळेत काहीतरी वाजायला हवं होतं, तेव्हा त्याने तीच लावली आणि नाव दिलं 'थिंक!'. सुरुवातीच्या वर्षांतलं शीर्षक संगीत वेगळं होतं आणि तेही घरचंच, ज्युलॅनने केलेलं. म्हातारपणी एका मुलाखतीत त्याने सांगितलं की या तीस सेकंदांनी त्याला ७ ते ८ कोटी डॉलर मिळवून दिले असतील.

याचं गणित गायकांनी नीट समजून घ्यावं. टीव्हीवर संगीत वाजलं की प्रत्येक प्रक्षेपणाचा हिशोब होतो. निर्माता एक क्यू शीट भरतो: कोणती रचना, कुणाची, किती सेकंद, शीर्षक म्हणून की पार्श्वसंगीत म्हणून. त्यावरून रॉयल्टी गोळा करणारी संस्था, ग्रिफिनच्या बाबतीत बीएमआय, पैसे वाटते. एकदा वाजलं तर रक्कम किरकोळ. पण आठवड्याला पाच एपिसोड, देशभरातली स्टेशनं, वर्षानुवर्षं, वर पुनःप्रक्षेपणं. शेजारी कोट्यवधींची बक्षिसं वाटली जात असताना खरं घबाड मागे वाजणाऱ्या अंगाईत होतं आणि ते कुणाच्या डोळ्यांवरही येत नव्हतं.

आपल्याकडे काय होतं? मालिकेचं शीर्षक गीत करणाऱ्या संगीतकाराला एकरकमी मानधन मिळतं आणि सहीसाठी जो कागद येतो त्यात 'कायमस्वरूपी, जगभर, आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी' असं लिहिलेलं असतं. माणूस सही करतो, कारण घासाघीस केली तर काम दुसऱ्याला जाईल अशी भीती. पण २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर गीतकार आणि संगीतकार आपल्या रचनेच्या वापरावरचा रॉयल्टीचा समान वाटा सोडून देऊच शकत नाहीत. कागदावर सोडला असं लिहिलं तरी ते टिकत नाही. अपवाद चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर वाजण्याचा. शिवाय हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ही कलमं जुनी आहेत, पण कुणी वाचत नाही. आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या आपल्याकडच्या संस्थेचं सदस्यत्व घ्या, आपल्या रचना तिथे नोंदवा आणि निर्मात्याकडे क्यू शीटची प्रत मागा. प्रत मागितल्यावर समोरचा जरा दचकतो, दचकू द्या. लक्षात घ्या, हे रचनेबद्दल आहे. नुसतं गाणाऱ्याचे हक्क वेगळे असतात आणि पैशाच्या दृष्टीने बरेच दुबळे. तुमच्या गाण्याची चाल तुमची नसेल तर पुढचं तरी स्वतः करा, किंवा निदान त्यात भागीदार व्हा.

आता फॉरमॅटकडे, म्हणजे कार्यक्रमाच्या साच्याकडे येऊ. १९७५ च्या जानेवारीत एनबीसीने 'जेपर्डी!' बंद केला आणि तीनच दिवसांनी ग्रिफिनचा दुसरा खेळ सुरू झाला, 'व्हील ऑफ फॉर्च्युन'. लहानपणी लांबच्या मोटारप्रवासात तो आणि त्याची बहीण अक्षरं ओळखायचा खेळ खेळायचे, त्याला जत्रेतलं चक्र जोडलं. पहिला पायलट, म्हणजे नमुन्याचा एपिसोड, 'शॉपर्स बझार' नावाने झाला होता. जिंकलेल्या पैशातून स्पर्धकाने स्टुडिओतच मांडलेल्या वस्तू विकत घ्यायच्या, हा भाग पुढेही बरीच वर्षं टिकला.

या कार्यक्रमाचा पहिला अँकर चक वुलरी. तोही मुळात गायक, हे विशेष. कार्यक्रम तुफान चालला तसं १९८१ मध्ये त्याने वर्षाला ५ लाख डॉलर मागितले. ग्रिफिन ४ लाखांवर अडला. वरचा फरक आम्ही भरतो, असं एनबीसीने मध्ये पडून सांगितलं. कुठल्याही निर्मात्याने हात जोडले असते. ग्रिफिन म्हणाला, तुम्ही माझ्या अँकरला परस्पर पैसे देणार असाल तर मी कार्यक्रम प्रतिस्पर्धी सीबीएस चॅनलवर नेतो. एनबीसीने माघार घेतली, वुलरी गेला. त्याच्या जागी ग्रिफिनने लॉस एंजेलिसच्या एका स्थानिक चॅनलवर हवामान सांगणारा पॅट सेजॅक आणला. एनबीसीच्या वरिष्ठांना हा माणूस पटेना, तर ग्रिफिनने एपिसोडांचं चित्रीकरणच थांबवलं. शेवटी सेजॅक आला आणि २०२४ पर्यंत राहिला.

पडद्यावर वुलरी दिसायचा, लोक त्याला ओळखायचे, टपालाच्या थैल्या त्याच्या नावाने यायच्या. त्या एका लाखाच्या भांडणात त्याच्याकडे मागणी करण्याखेरीज काही नव्हतं. ग्रिफिनकडे कार्यक्रम उचलून दुसरीकडे नेण्याची ताकद होती. चॅनलने अँकरिंगसाठी विचारलंय म्हणून तुम्ही खूश आहात, रास्तच आहे, पण टेबलाच्या कुठल्या बाजूला बसणार आहात हे डोळ्यांपुढे ठेवा. दुसऱ्याच्या कार्यक्रमाचा अँकर कितीही लाडका असला तरी नव्या सीझनला बदलता येतो. 'कोण होणार करोडपती' मराठीत नागराज मंजुळेंनीही केला आणि सचिन खेडेकरांनीही. दोघंही आपापल्या परीने उत्तम. फॉरमॅट मात्र मूळ ब्रिटिश आणि त्याचे हक्क सोनी पिक्चर्स टेलिव्हिजनकडे. योगायोग म्हणजे 'जेपर्डी!' आणि 'व्हील'ही आज त्याच कंपनीच्या तिजोरीत आहेत.

मग इथे आपला फॉरमॅट राखता येतो का? नुसत्या कल्पनेवर कायदा हक्क देत नाही. 'गायकांनी रिक्षात बसून गप्पा मारायच्या' एवढं सुचलं म्हणून ते तुमचं होत नाही. पण सविस्तर लिहिलेली संकल्पना गुप्ततेच्या अटीवर दाखवली आणि समोरच्याने ती परस्पर वापरली, तर न्यायालयं ऐकतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये 'स्वयंवर' नावाच्या रिअॅलिटी शोच्या प्रकरणात असंच ऐकलं होतं. वर्षभराने मुंबई उच्च न्यायालयानेही एका मालिकेच्या संकल्पनेबाबत तीच भूमिका घेतली. तेव्हा चॅनलच्या मीटिंगला तोंडी गोष्ट सांगायला जाऊ नका. फेऱ्या, नियम, गुण, सेटचं रेखाटन, नमुन्याचा एक एपिसोड, नाव, धून, सगळं लिहून काढा. धंद्यात याला बायबल म्हणतात. स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा, नावाचा ट्रेडमार्क अर्ज टाका आणि ज्याला पाठवलं त्याला ईमेलनेच पाठवा, म्हणजे तारीख आपोआप राहते.

एक फरक प्रामाणिकपणे सांगायला हवा. ग्रिफिनला जे जमलं त्यामागे अमेरिकेतली एक व्यवस्था होती, ती आपल्याकडे नाही. तिथे शेकडो स्थानिक स्टेशनं स्वतंत्रपणे कार्यक्रम विकत घेतात. १९७१ पासून एक सरकारी नियम आला की मोठ्या शहरांत संध्याकाळचा एक तास नेटवर्कांनी, म्हणजे एनबीसी-सीबीएससारख्या देशभर चालणाऱ्या चॅनलांनी, स्वतःच्या कार्यक्रमांनी भरायचा नाही. त्या रिकाम्या तासाला माल हवाच होता. किंग वर्ल्ड नावाच्या कंपनीने १९८३ मध्ये 'व्हील'ची संध्याकाळची आवृत्ती स्टेशनोस्टेशनी फिरून विकली आणि पुढच्या वर्षी अॅलेक्स ट्रेबेकला अँकर घेऊन 'जेपर्डी!' पुन्हा उठवला. दोन्ही कार्यक्रम घराघरांत पाठोपाठ लागू लागले ते तेव्हापासून. आपल्याकडे चॅनल प्रति एपिसोड ठरलेले पैसे देतं आणि कार्यक्रमावरचे सगळे हक्क घेतं. निर्माता म्हणजे जवळपास कंत्राटदारच. म्हणून टीव्हीवर हक्क राखण्याची आशा कमी ठेवा आणि जे स्वतःचं करायचं ते यूट्यूबवर, रंगमंचावर किंवा पॉडकास्टमध्ये आधी करा. तिथे चाललेली गोष्ट घेऊन चॅनलकडे गेलात तर निदान नाव आणि धून तुमची राहते.

गायक ते यजमान हा प्रवास मराठीत नवा नाही. अवधूत गुप्ते हे सगळ्यांच्या डोळ्यांपुढचं उदाहरण: गाणी, 'सारेगमप'चं परीक्षण, 'खुपते तिथे गुप्ते', शिवाय चित्रपट. अशा माणसाला पाहुण्यासमोर बसल्यावर एक फायदा मिळतो, ग्रिफिनलाही मिळाला. गायकाला श्वास कधी घ्यायचा आणि समोरच्याला जागा कधी द्यायची हे कळतं. ग्रिफिन पाहुण्याकडे झुकून बसायचा, फार चतुर दिसायचा प्रयत्न करायचा नाही आणि त्यामुळे लोक त्याच्याकडे नको तेवढं बोलून जायचे.

त्याचा गप्पांचा कार्यक्रम १९६५ मध्ये वेस्टिंगहाउस या प्रसारण कंपनीने पुन्हा सुरू केला. सोबतीला आर्थर ट्रीचर हा म्हातारा इंग्रज नट. वरवर गोडीगुलाबीचा कार्यक्रम, पण पहिल्याच वर्षी त्यात बर्ट्रांड रसेल व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलून गेले आणि १९६७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आले. १९६९ मध्ये सीबीएसने त्याला कार्सनसमोर रात्री उभा केला. तिथे तो रमला नाही. वरून सूचना, कापाकापी. १९७० मध्ये युद्धविरोधी कार्यकर्ता अॅबी हॉफमन अमेरिकन झेंड्याचा शर्ट घालून आला तर सीबीएसने प्रक्षेपणात त्याच्या जागी निळा पडदाच दाखवला. कार्यक्रम बंद होणार हे ग्रिफिनला दिसत होतं. त्याने गुपचूप मेट्रोमीडिया या दुसऱ्या प्रसारण कंपनीशी कॉन्ट्रॅक्ट करून ठेवलं की सीबीएसने काढलं रे काढलं की इकडे सुरू करायचं. १९७२ च्या सुरुवातीला नारळ मिळाला आणि मार्चमध्ये तो नव्या जागी बसलेला होता, १९८६ पर्यंत.

आपल्या लोकांना त्या कार्यक्रमातला एक एपिसोड तरी माहीत असायला हवा. १९७५ मध्ये महर्षी महेश योगी तिथे आले, सोबत क्लिंट ईस्टवुड आणि मेरी टायलर मूर हे नट-नटी. त्यानंतर अमेरिकेत भावातीत ध्यान शिकणाऱ्यांची अशी रीघ लागली की त्या चळवळीतले लोक त्याला मर्व्हची लाटच म्हणत. यजमानाच्या शब्दाला किती वजन असतं ते यात दिसतं. ते वजन ग्रिफिनने स्वतःच्या साबण-अत्तरांवर खर्च केलं नाही. आजचा कुठलाही सल्लागार त्याला नेमकं तेच करायला सांगेल.

१९८६ मध्ये त्याने आपली कंपनी, दोन्ही खेळांसकट, कोका-कोलाला २५ कोटी डॉलरला विकली. कोकाकडे तेव्हा कोलंबिया पिक्चर्स होती, पुढे ती सोनीकडे गेली. धुनेची रॉयल्टी त्याला मरेपर्यंत येत राहिली. हे बारीक वाचा: इमारत विकली, भाडं चालू ठेवलं. कंपनी विकताना आपली वैयक्तिक रचना त्या गाठोड्यात जाऊ द्यायची नाही, यासाठी ती पहिल्या दिवसापासून वेगळ्या कागदावर असावी लागते.

त्यानंतरचा ग्रिफिन मला थोडा कमी आवडतो, पण शिकायला तोच जास्त उपयोगी. १९८७ मध्ये त्याने बेव्हर्ली हिल्टन हॉटेल सुमारे १० कोटी डॉलरला घेतलं. गोल्डन ग्लोब पुरस्कारांचा सोहळा होतो तेच हे हॉटेल. तारे, पार्ट्या, आतिथ्य हा त्याचा हातखंडा विषय, व्यवहार जमला. २००३ मध्ये ते १३ कोटींना विकलं. सोळा वर्षांत एवढी वाढ म्हणजे फार काही मोठी नव्हे, पण तोटा नाही.

घोळ झाला तो रिसॉर्ट्स इंटरनॅशनलमध्ये. अटलांटिक सिटीतला पहिला कायदेशीर कॅसिनो या कंपनीने १९७८ मध्ये उघडला होता. बहामातलं पॅराडाइज आयलंड तिचंच आणि अर्धवट बांधलेला अवाढव्य ताजमहाल कॅसिनोही तिचाच. मतांचं बळ असलेले शेअर डोनाल्ड ट्रम्पने आधीच घेतले होते, त्या वर्गाच्या एका शेअरला शंभर मतं. उरलेल्या भागधारकांना तो २२ डॉलर देत होता. १९८८ मध्ये ग्रिफिनने ३५ डॉलरची बोली लावून सगळ्यांना चकित केलं. कोर्टकज्जे, वर्तमानपत्रांत रोज मथळे, शेवटी तडजोड: ताजमहाल ट्रम्पकडे, बाकी कंपनी ग्रिफिनकडे. गप्पागोष्टींच्या माणसाने ट्रम्पला गाठलं म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग कंपनीच्या वह्या उघडल्या. कर्ज ९० कोटी डॉलरच्या आसपास. खरेदीसाठी ग्रिफिनने स्वतः जंक बाँड, म्हणजे जास्त जोखमीचे आणि जास्त व्याजाचे कर्जरोखे, विकून ३२.५ कोटी उभे केले होते, त्यांचंही व्याज. जुन्या इमारतींची डागडुजी राहिलेली. वर्षभरात व्याज थकलं आणि १९८९ संपता संपता कंपनी दिवाळखोरीत. पॅराडाइज आयलंड १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सोल कर्झनर या हॉटेल व्यावसायिकाने घेतलं, आज तिथे अटलांटिस हे रिसॉर्ट उभं आहे. ट्रम्पचा ताजमहालही १९९० मध्ये उघडून पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत गेला, म्हणजे त्या सौद्यात खरं शहाणं कोण ठरलं हे विचारण्यात अर्थ नाही. ग्रिफिनची सगळी संपत्ती त्यात बुडाली नाही, कारण कर्ज कंपनीवर होतं आणि त्याची खासगी कमाई बाजूला येत होती. आपल्याकडे कलाकार निर्मितीत उतरतात तेव्हा राहता फ्लॅट तारण ठेवतात. ते कृपा करून करू नका. निर्मिती संस्था प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा आणि बँकेने वैयक्तिक हमी मागितली तर रकमेला मर्यादा घालून घ्या.

पुढे तो घोडे पाळायचा, रिसॉर्टं घ्यायचा-विकायचा आणि नवे खेळ रचायचा. २००७ च्या ऑगस्टमध्ये गेला. त्याच्या शब्दकोड्याच्या खेळाचा पहिला एपिसोड लागला तो त्यानंतर महिन्याभरात. थडग्याच्या दगडावर लिहिलंय की या जाहिरातीनंतर मी परत येणार नाही.

आता तुमच्या हातातल्या कामाबद्दल. अँकरिंग घ्या, नाही म्हणू नका. शूटिंगच्या दिवसांत पीसीआरमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये, जाऊन बसा, बजेटचा कागद बघायला मिळतो का पाहा, रोजचा खर्च सांभाळणाऱ्या लाइन प्रोड्युसरशी चहा प्या. कार्यक्रमाच्या नावात तुमचं नाव किंवा आडनाव घालायचं ठरलं, तर कार्यक्रम बंद झाल्यावर ते नाव कोण वापरणार हे लिहून घ्या. शीर्षक गीत तुमच्याकडूनच करून घेणार असतील तर त्याचा कागद अँकरिंगच्या कॉन्ट्रॅक्टपासून वेगळा मागा. आणि एक्सक्लुझिव्हिटीचं, म्हणजे दुसरीकडे काम करण्यावरच्या बंदीचं, कलम सगळ्यात आधी काढून वाचा. त्यात 'इतर चॅनल' एवढंच असेल तर ठीक. पण 'डिजिटल' आणि 'लाइव्ह कार्यक्रम' हे शब्द असतील तर तुमचं यूट्यूब बंद आणि गणपतीपासून एकतीस डिसेंबरपर्यंतच्या सुपाऱ्याही चॅनलच्या परवानगीवर. ते दोन शब्द खोडल्याशिवाय सही करू नका, मानधन थोडं कमी झालं तरी चालेल.